न्यूरल नेटवर्क एज टीपीयूसाठी कसं कंपाइल करावं

गुगलचा कोरल यूएसबी ॲक्सिलरेटर २०१९ साली बाजारात आला. छोटीशी डबी, आत एज टीपीयू नावाची चिप. सेकंदाला ४ लाख कोटी गणिती क्रिया करायच्या आणि वीज साधारण २ वॅट खायची, असा तिचा दावा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला ती जोडली की कॅमेऱ्यातली चित्रं जागच्या जागी ओळखता येतात. मात्र लॅपटॉपवर शिकवलेलं मॉडेल, म्हणजे न्यूरल नेटवर्क, तसंच उचलून तिच्यावर चालत नाही, आधी कंपाइल करावं लागतं, म्हणजे चिपला समजेल अशा रूपात बदलावं लागतं. ती आज्ञा एका ओळीची आहे. खरं काम तिच्या आधीच्या तयारीत आणि नंतरचा लॉग (कंपायलरने लिहिलेला अहवाल) नीट वाचण्यात आहे.

सामान फार लागत नाही. टेन्सरफ्लो या गुगलच्या सॉफ्टवेअरमध्ये शिकवलेलं मॉडेल हवं, आणि इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा ६४-बिट लिनक्स संगणक, डेबियन वा उबुंटू असलेला. कंपायलर रास्पबेरी पायवर चालत नाही. लिनक्स हाताशी नसेल तर गुगल कोलॅबमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून वापरायच्या गुगलच्या संगणकावर, काम होतं.

पायरी १: मॉडेल चिपच्या मापाचं निवडा

इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं. एज टीपीयूवर मेमरी आहे जेमतेम ८ एमबी. मोबाइलनेट व्ही-२ या चित्रं ओळखणाऱ्या छोट्या मॉडेलमध्ये सुमारे ३५ लाख वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) असतात, प्रत्येकाला एक बाइट धरला तर साडेतीन एमबी. आरामात मावतं. रेसनेट-५० या मोठ्या मॉडेलमध्ये अडीच कोटींहून जास्त वेट्स आहेत, म्हणजे २५ एमबी.

गुगलने डेस्कटॉपला हाच ॲक्सिलरेटर जोडून मोजलेले आकडे पाहा: मोबाइलनेट व्ही-२ ला एका चित्रामागे २.६ मिलिसेकंद, रेसनेट-५० ला ४९. रेसनेटला गणित जास्त लागतं हे खरं, पण किती? एका चित्राला साधारण ८०० कोटी क्रिया. डबीवरच्या वेगाने हिशोब केला तर २ मिलिसेकंदांत काम संपायला हवं. उरलेला वेळ मुख्यतः वाहतुकीत जातो. चिपमध्ये न मावलेली वेट्स दर चित्रागणिक यूएसबीच्या तारेतून पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात. म्हणून जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका, आधी आपल्या मॉडेलचं वजन बघा.

पायरी २: इन्पुटचा आकार पक्का करा

केरासमध्ये, म्हणजे टेन्सरफ्लोच्या मॉडेल बांधायच्या भागात, केलेलं मॉडेल बॅचचा आकडा (एका वेळी किती चित्रं) मोकळा सोडतं. एज टीपीयूला प्रत्येक टेन्सरचा (आकड्यांच्या तक्त्याचा) आकार कंपाइल करतानाच माहीत असावा लागतो. बॅच १, चित्र २२४ बाय २२४, रंग ३ असं ठरवून टाका आणि पुढे चला.

पायरी ३: क्वांटायझेशन

शिकवताना वेट्स ३२-बिटी अपूर्णांकांत असतात. ही चिप फक्त ८-बिटी पूर्णांक ओळखते, म्हणजे प्रत्येक किंमत २५६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवायची, हेच क्वांटायझेशन. मोबाइलनेटमधल्या बऱ्याच लेअरची (मॉडेलच्या थरांची) बाहेर येणारी किंमत ० ते ६ च्या दरम्यान असते, म्हणजे एक पायरी सुमारे ०.०२३ ची. चालतं. पण एखाद्या लेअरमध्ये चुकार एखादी किंमत ६० पर्यंत गेली, तर पायरी दहापट मोठी होते आणि बारीक फरक पुसले जातात.

ही पट्टी ठरवायला टेन्सरफ्लो लाइटच्या (छोट्या उपकरणांसाठीच्या टेन्सरफ्लोच्या) कन्व्हर्टरला नमुन्याची चित्रं द्यावी लागतात. शंभरेक पुरतात, पण ती खऱ्या वापरासारखी हवीत. कांद्याची प्रतवारी करणारं मॉडेल असेल आणि नमुन्यात सगळे फोटो दुपारच्या उन्हातले असतील, तर संध्याकाळी शेडमधल्या ट्यूबलाइटखाली ते चुकायला लागेल.

दोन गोष्टी विसरू नका. नुसतं ‘ऑप्टिमाइझ’ चालू केलं तर फक्त वेट्स लहान होतात, लेअरमधून बाहेर येणाऱ्या किमती अपूर्णांकांतच राहतात. असं मॉडेल कंपायलर परत पाठवतो. त्यामुळे ‘फक्त ८-बिटी ऑपरेशन्स’ ही अट कन्व्हर्टरला स्पष्टपणे घाला, म्हणजे काही अडलं तर तिथेच कळेल. दुसरं, कंपाइल करण्याआधी ही ८-बिटी फाइल साध्या सीपीयूवर (संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर) चालवून अचूकता तपासा. इथेच घसरली असेल तर कंपायलरला दोष देण्यात अर्थ नाही.

पायरी ४: कंपाइल करा आणि लॉग वाचा

कंपायलरला फाइल दिली की थोड्या वेळात ‘कंपाइल यशस्वी’ असा संदेश येतो. बहुतेक जण इथेच थांबतात. हा संदेश फसवा आहे: अर्धं मॉडेल चिपवर गेलेलंच नसेल तरीही तो येतो.

लॉगमध्ये किती ऑपरेशन्स टीपीयूवर गेली आणि किती सीपीयूवर राहिली हे लिहिलेलं असतं. सविस्तर यादीचा पर्याय चालू केला तर प्रत्येकाचं नावही मिळतं. कंपायलर सुरुवातीपासून एकेक ऑपरेशन घेत जातो. चिपला न जमणारं पहिलं सापडलं की तिथे तोडतो, आणि त्यापुढचं सगळं सीपीयूच्या गळ्यात. मधल्या लेअरमधलं एक हार्ड-स्विशसारखं फंक्शन (लेअरच्या किमतीवर शेवटी लावायचं सूत्र) सगळा फायदा घालवू शकतं. गुगलनेही मोबाइलनेटची एज टीपीयूसाठीची आवृत्ती काढताना ते वगळलं होतं. उपाय सरळ आहे: त्या जागी रेल्यू-६ (किंमत ० ते ६ मध्ये ठेवणारं सूत्र) ठेवा आणि मॉडेल थोडं पुन्हा शिकवा. शेवटचंच एखादं ऑपरेशन सीपीयूवर राहिलं असेल तर मात्र सोडून द्या. वस्तू शोधणाऱ्या मॉडेलमध्ये वस्तूंभोवतीच्या जादा चौकटी गाळण्याचं शेवटचं काम तसंही सीपीयूच करतो.

त्याच लॉगमध्ये मेमरीच्या ओळी असतात. ‘ऑफ-चिप’ (चिपबाहेर राहिलेली वेट्स) पुढे शून्य दिसलं तर उत्तम. तिथे काही एमबी दिसले, तर पहिल्या पायरीवर सांगितलेली वाहतूक तुमच्याही वाट्याला आली.

पायरी ५: चालवा आणि मोजा

पायच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये डबी लावा. ड्रायव्हर दोन तऱ्हेचा मिळतो, साधा आणि कमाल वेगाचा. कमाल वेगात डबी चांगलीच तापते, मी साधाच घ्या म्हणेन. पायकोरल या डबी चालवणाऱ्या पायथन लायब्ररीची अधिकृत पॅकेजेस पायथन ३.९ पर्यंतचीच आहेत, तेव्हा नव्या पायवर जुन्या पायथनचं वेगळं एन्व्हायर्नमेंट करावं लागेल.

पहिल्या चित्राची वेळ धरू नका, कारण तेव्हा वेट्स चिपमध्ये भरली जात असतात. दोन मॉडेल्स आलटून पालटून वापरायची असतील तर ती एकाच आज्ञेत, एकत्र कंपाइल करा. नाहीतर प्रत्येक पालटीला एक बाहेर, दुसरं आत असं चालू राहतं. आणि चित्र उघडणं, त्याचा आकार बदलणं यांची वेळ वेगळी मोजा. ही कामं पायच्या सीपीयूवरच होतात, आणि मॉडेल तीन मिलिसेकंदांत उरकायला लागलं की बहुतेक वेळा तीच सगळ्यात संथ ठरतात.