शिफ्ट बदलताना निरोप हरवू नये म्हणून: शंभर माणसांच्या कारखान्यासाठी एक पद्धत

कंपनीत ‘कम्युनिकेशन सुधारायचं’ असं ठरलं की बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी होतात. आणखी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो आणि आणखी एक मीटिंग सुरू होते. महिन्याभराने ग्रुपवर सुप्रभातचे फोटो आणि मीटिंगमध्ये तेच चार लोक. चुका मात्र पूर्वीच्याच.

याचं कारण साधं आहे. एका खात्यात, एका शिफ्टमध्ये, समोरासमोर काम करणारी माणसं एकमेकांशी बोलतातच. निरोप अडकतो तो जोडावर: एक शिफ्ट सुटून दुसरी लागते तिथे, स्टोअरच्या खिडकीवर, मेंटेनन्सचा माणूस काम अर्धवट ठेवून जेवायला जातो तिथे. म्हणून सुरुवातही जोडापासूनच करायची. खालची पद्धत भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा ठिकाणच्या ५० ते १५० माणसांच्या, दोन किंवा तीन शिफ्टच्या मशीन शॉपसाठी आहे. ऑफिसच्या कामालाही ती थोड्या फरकाने लागू पडेल.

आधी १० चुका काढा

रिजेक्शन रिपोर्ट, ब्रेकडाउन रजिस्टर, ग्राहकाच्या तक्रारी आणि चुकलेले डिस्पॅच यांतून गेल्या दोन महिन्यांतले १० प्रसंग निवडा. प्रत्येकासाठी कागदावर चार गोष्टी लिहा: ही गोष्ट आधी कोणाला कळली, किती वाजता, कोणाला कळायला हवी होती, आणि त्याला प्रत्यक्षात कधी कळली. मधल्या वेळात निरोप कुठे थांबला तिथे लाल खूण करा.

अर्ध्या दिवसाचं काम आहे. प्रॉडक्शन इनचार्जने एक सेटर (मशीनवर टूल लावून माप जमवून देणारा) आणि एक लाइन इन्स्पेक्टर सोबत घेऊन ते करावं. ‘चूक कोणाची’ हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा नाही. विचारलात तर चौथ्या प्रसंगापासून सगळ्यांची आठवण अंधुक होते. लाल खुणा सहसा दोन-तीन जागीच गर्दी करतात. आधी त्या जागा दुरुस्त करायच्या.

शिफ्ट बदल: १५ मिनिटं, मशीनपाशी

बहुतेक कारखान्यांत पहिली लाल खूण इथेच सापडते. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते आणि दुसरी साडेतीनलाच लागते, म्हणजे दोघांच्या भेटीसाठी वेळ शून्य. जाणारा हात धुवायला गेलेला असतो, येणारा पंचिंगच्या रांगेत असतो. दोघे भेटले तरी गेटवर भेटतात, आणि ‘चार नंबरवर जरा बघ’ एवढंच बोलणं होतं.

सगळ्या ऑपरेटरना १५ मिनिटं आधी बोलावणं परवडत नसेल तर सेटर, सुपरवायझर आणि इन्स्पेक्टर यांना तरी बोलवा. हा वेळ हजेरीत धरा आणि त्याचे पैसे द्या. फुकटची १५ मिनिटं दुसऱ्या आठवड्यात १० होतात आणि महिन्याअखेर संपतात.

बोलणं मशीनपाशीच व्हायला हवं, केबिनमध्ये नाही. मशीनजवळ उभं राहिलं की अर्धवट सोडलेला नट, बाजूला ठेवलेला ट्रे, बदललेलं फिक्श्चर (जॉब पकडून ठेवायचा साचा) डोळ्यांना दिसतं आणि जाणाऱ्याला सांगायचं आठवतं.

लेखी नोंदीसाठी पानांवर क्रमांक छापलेलं फुलस्केप रजिस्टर घ्या. सुटे कागद नकोत, ते चहाच्या कपाखाली जातात. प्रत्येक मशीनसाठी पाच ओळी पुरतात:

१. मशीन आत्ता कोणत्या स्थितीत आहे.
२. या शिफ्टमध्ये काय बदललं: टूल, ऑफसेट (टूलच्या जागेत मशीनला दिलेली बारीक दुरुस्ती), प्रोग्रॅम, ड्रॉइंगची रिव्हिजन (सुधारित आवृत्ती), मालाची बॅच.
३. काय अर्धवट आहे.
४. कोणता माल वेगळा ठेवलाय, किती नग, कुठे.
५. पुढच्या माणसाने पहिल्या तासात काय करायचं.

नोंद कशी असावी हे शिकवायला एक वाईट आणि एक चांगली नोंद शेजारी शेजारी लावा. (जॉब म्हणजे मशीनवर बनणारा नग, बोअर म्हणजे त्यातलं गोल भोक, इन्सर्ट म्हणजे टूलचं बदलता येणारं पातं.) वाईट नोंद: ‘मशीन ४: बोअरचा थोडा प्रॉब्लेम होता, आता ओके.’ चांगली नोंद: ‘मशीन ४: बोअर खालच्या लिमिटकडे सरकतोय, एक वाजता लक्षात आलं. एक्स ऑफसेट प्लस ०.०१ असा दोनदा दिला. इन्सर्ट बदललेला नाही. १२.३० ते १ मधले १४ नग पिवळ्या ट्रेमध्ये, तपासायचे आहेत. पहिले १० जॉब एकेक मोजा. पुन्हा सरकला तर ऑफसेट न देता इन्सर्ट बदला.’ पहिल्या नोंदीवरून दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर तिसऱ्यांदा ऑफसेट देणार, हे उघड आहे. त्याची त्यात चूकही नाही.

तिसरी ओळ, ‘काय अर्धवट आहे’, लोक सर्वात जास्त टाळतात, कारण ती कबुलीसारखी वाटते. तिची किंमत सांगायला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मचं उदाहरण द्यावं. ६ जुलै १९८८ रोजी तिथे एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी नुसतं झाकण बसवलं होतं. दिवसपाळीत काम संपलं नाही. रात्रपाळीच्या नियंत्रण कक्षातल्या माणसांपर्यंत ही गोष्ट पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा पंप सुरू केला, वायू गळला आणि स्फोट झाला. १६७ माणसं गेली. दुरुस्तीच्या परमिटचा, म्हणजे परवानगीचा, कागद होता, पण तो ज्याच्या हातात असायला हवा होता त्याच्याकडे नव्हता. म्हणून अर्धवट कामाला रजिस्टरमधल्या ओळीबरोबर मशीनच्या स्टार्ट बटणापाशी लाल टॅगही हवा. मेंटेनन्सचं काम असेल तर मेन स्विचला कुलूप हवं आणि त्याची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. तो घरी जात असेल तर जाण्याआधी पुढच्या शिफ्टच्या माणसाने स्वतःचं कुलूप लावायचं.

नोंद वाचून झाली की येणाऱ्याने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायची आणि मगच दोघांनी सही करायची. ‘समजलं का?’ असं विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं: ‘हो साहेब.’ त्याऐवजी ‘आता पहिल्यांदा काय करशील?’ असं विचारा.

पुण्याच्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते, तिथे एक खास खड्डा आहे. शुक्रवारी सकाळी सातला येणाऱ्याला निरोप देणारा कोणी समोर नसतोच. शेवटची शिफ्ट आदल्या दिवशीच घरी गेलेली असते. सुट्टीआधीच्या शेवटच्या शिफ्टच्या सुपरवायझरने रजिस्टर सगळ्या मशीनसाठी पूर्ण करायचं, आणि शुक्रवारी सकाळी फोन करून १० मिनिटं बोलायचं, असं आधीच ठरवून ठेवा. हा फोन कोण करणार तेही नावानिशी लिहा.

चार शब्दांचे अर्थ पक्के करा

‘मशीन चालू आहे’ म्हणजे काय? वीज चालू आहे, जॉब निघतायत, की दुरुस्ती चालू आहे? तिन्ही अर्थांनी हे वाक्य रोज बोललं जातं. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं मेली, त्याच्या अनेक कारणांत असंच एक संदिग्ध वाक्य होतं. वैमानिकाला ‘आम्ही उड्डाण घेतोय’ असं म्हणायचं होतं, टॉवरने ‘आम्ही उड्डाणाच्या जागी थांबलोय’ असं ऐकलं. पुढे ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक पडला.

तुमच्याकडे चार शब्द पुरेत. ‘चालू’ म्हणजे चांगले जॉब निघतायत. ‘बंद’ म्हणजे कोणीही सुरू करायचं नाही. ‘झालं’ म्हणजे काम संपलं, तपासलं आणि सही झाली. ‘होल्ड’ म्हणजे माल हलवायचा नाही. ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘जवळपास झालंय’ हे शब्द घरी वापरावेत.

भाषेचा प्रश्नही इथेच येतो. ड्रॉइंग इंग्रजीत, सुपरवायझर मराठी, ऑपरेटर बिहारचा किंवा ओडिशाचा. रजिस्टर ज्याला ज्या भाषेत लिहिता येतं त्यात लिहू द्या. आकडे सगळ्यांनी एकाच पद्धतीचे लिहावेत आणि मशीन व ट्रे यांना मोठे नंबर रंगवावेत. गेटवरच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेतही असाव्यात, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कलम १०८ मध्येच होती. तरी आजही सुरक्षेची पोस्टर फक्त इंग्रजीत दिसतात. ती बहुधा ऑडिटरसाठी असावीत.

सकाळचा बोर्ड

रोज ठरलेल्या वेळी, शॉपमध्ये, उभ्याने, १० मिनिटं. प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर, डिस्पॅच यांचा प्रत्येकी एक माणूस. पांढऱ्या बोर्डवर चार रकाने: काय अडलंय, कोण बघणार, कधीपर्यंत, झालं का. ‘कोण’च्या रकान्यात एकच नाव. ‘क्वालिटी + मेंटेनन्स’ असं लिहिलं की ते काम कोणाचंच राहत नाही. चर्चा दोन मिनिटांपुढे गेली की थांबवा. संबंधित दोघे नंतर बोलतील.

ही बैठक मरते ती एकाच कारणाने. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मालक येतात, रिजेक्शनचा आकडा पाहतात आणि सर्वांसमोर झापतात. दुसऱ्या दिवसापासून बोर्ड स्वच्छ राहतो. स्वच्छ बोर्ड पाहून मालक खूश होतात, आणि बातमी थेट ग्राहकाकडून येते. मालकांना आधीच सांगून ठेवा: बोर्डपाशी फक्त एकच प्रश्न विचारायचा, ‘माझ्याकडून काय हवंय?’

व्हॉट्सअ‍ॅप: तीन ग्रुप, चार नियम

ब्रेकडाउन, डिस्पॅच आणि सूचना, एवढेच ग्रुप ठेवा. सूचनांच्या ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग करा. कंत्राटी कामगारांना त्यात घ्या. पगार ठेकेदार देतो म्हणून ते ग्रुपमध्ये नसतात, आणि पाणी बंद असल्याचं किंवा शिफ्ट बदलल्याचं त्यांना गेटवर कळतं.

नियम असे. काम बदलणारी सूचना रजिस्टरमध्ये किंवा बोर्डवर लिहिल्याशिवाय लागू होत नाही. ड्रॉइंगचा फोटो पाठवायचा नाही, कारण रिव्हिजन बदलली तरी जुना फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये राहतो आणि सहा महिन्यांनी त्यावरून माल बनतो. शॉपमधल्या कामासाठी व्हॉइस नोट नको. प्रेसच्या आवाजात ती ऐकू येत नाही आणि नंतर शोधताही येत नाही. मशीन बंद पडलं तर फोन करायचा, मेसेज ही फक्त नोंद. दोन निळ्या खुणा म्हणजे मेसेज उघडला, एवढाच अर्थ.

खालून वर

सूचना-पेटीला कुलूप असतं आणि किल्ली हरवलेली असते. पेटीऐवजी बोर्डच्या कोपऱ्यात जागा ठेवा: सूचना, तारीख, उत्तर. सात दिवसांत उत्तर लिहायचंच. ‘नाही, कारण या फिक्श्चरचा खर्च सध्या बसत नाही’ हेही उत्तर आहे आणि लोकांना ते चालतं. नाव लिहायची सक्ती नको. पगार, वागणूक किंवा छळाची तक्रार मात्र बोर्डवर नाही. त्यासाठी कोणाला भेटायचं ते नाव आणि वेळ वेगळी लावा.

सुरू कसं करायचं, तपासायचं कसं

सगळं एकदम लावू नका. पहिले दोन आठवडे एकाच लाइनवर फक्त रजिस्टर आणि १५ मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात बोर्ड. व्हॉट्सअ‍ॅपची साफसफाई महिन्यानंतर, कारण जुना ग्रुप बंद करायला लोक सर्वात जास्त कुरकुर करतात.

रजिस्टर नुसतं भरलं जातंय का, यावरून काही कळत नाही. सलग चार दिवस ‘सर्व ओके’ लिहिलेलं असेल तर उलट शंका घ्या. आठवड्यातून एकदा दुसऱ्या शिफ्टच्या पहिल्या तासात शॉपमध्ये जा. रजिस्टर न उघडता तीन ऑपरेटरना विचारा: आधीच्या शिफ्टमध्ये या मशीनवर काय बदललं? मग रजिस्टर उघडून ताडून पाहा. तिघांपैकी दोघांचं उत्तर जुळलं तर पुढच्या लाइनवर जा. नाही जुळलं तर साडेतीनला स्वतः तिथे उभं राहा आणि हँडओव्हर खरंच मशीनपाशी होतोय की पुन्हा गेटवर, ते बघा.