मोदक फुटायचे थांबले ते असे

गणपतीत आमच्या कोकणातल्या घरी मुंबई-पुण्याची सगळी बिऱ्हाडं येतात. चतुर्थीला नैवेद्याचे 21, शिवाय पंक्तीचे वेगळे, म्हणजे मोदकांचा ढीगच. आणि दरवर्षी निम्मे फुटलेले. मोठी काकू पिठीला दोष द्यायची, आत्या सारणाला.

पिठी चांगलीच होती, आंबेमोहोराची. पण परातभर उकड एकदम काढायची आणि वळणारे सगळे गप्पांत. तोवर ती गार होऊन सुकायची. आता दोन-दोन वाट्यांचीच काढतो. पिठीइतकंच पाणी, चमचाभर तेल, चिमूटभर मीठ. पाण्याला आधण आलं की पिठी घालून ढवळायची, झाकून एक वाफ. गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळून ओल्या फडक्याखाली. ती संपत आली की पुढची गॅसवर. सारण आदल्या रात्रीच करतो. गरम किंवा ओलसर राहिलं तर पारी हमखास फुटते.

मोदकपात्रात हळदीचं पान, प्रत्येक मोदक गार पाण्यात बुडवून वर ठेवायचा, मग दहा-बारा मिनिटं वाफ.

पारी वहिनी करते, सारण पोरं भरतात. कळ्या मात्र काकूच्याच. तिथे ती कोणालाही हात लावू देत नाही. चुकून एखादा फुटलाच तर पोरं तो स्वयंपाकघरातच संपवतात, अर्थात नैवेद्य झाल्यावर.