मंडळात आठ मिनिटं बोलायचंय? आधी लिहायला बसू नका

इंदोरात मराठी मंडळाचा कार्यक्रम आला की कोणीतरी फोन करतंच, "अहो, अहिल्याबाईंवर ८ मिनिटं बोला ना," आणि आपण हो म्हणून बसतो. मग रात्री गुगल उघडायचं, १७२५ ला चौंडीत जन्म, १७९५ ला महेश्वरात निधन, सगळं उतरवून काढायचं. मी पण हेच केलंय, आणि तिसऱ्या रांगेतल्या काकू माझ्या आधीच पुढचं वाक्य पुटपुटत होत्या. इथे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं हो.

त्यामुळे आधी फोन करणाऱ्यालाच विचारा, समोर कोण बसणार, आपल्या आधी कोण बोलणार, माईक कसा आहे. आपल्याकडे आजी-आजोबा शुद्ध मराठीवाले आणि नातवंडं इंदोरी हिंदीतल्या "भिया" (भैया) वाली, एखादं वाक्य हिंदीत सुटलं तरी कोणी काही म्हणत नाही, पण जड मराठीची माळ लावली की पोरं मोबाईल काढतात.

मग एकच वाक्य ठरवा, जे लोकांनी घरी न्यायचंय. मला हे सापडायलाच दोन दिवस लागतात, बाकी भाषण एका संध्याकाळी होतं. समजा वाक्य आहे, "बाईंनी तलवार न चालवता फौज परतवली." त्याला एकच गोष्ट पुरते: १७६७ ला बाईंचे चिरंजीव मालेराव गेले, आता काय, होळकरांची गादी आपलीच असं धरून पेशव्यांचे काका राघोबादादा फौज घेऊन निघाले, बाईंनी लढायची तयारी केलीच पण निरोपही धाडला, असं सांगतात, की जिंकलात तर बायकांना हरवलं म्हणतील आणि हरलात तर तोंड कुठे लपवाल. दादा म्हणे मग म्हणाले, आम्ही तर सांत्वनाला आलोय!

भाषण इथूनच सुरू करा, फौज निघालीये. जन्मसाल नको, मान्यवरांना एका ओळीत नमस्कार. पुढे महादजी शिंद्यांसारखे लोक बाईंच्या बाजूने कसे उभे राहिले ते सांगा, म्हणजे नुसता चतुरपणा नव्हता हे कळतं. काशी विश्वनाथाचं १७८० चं मंदिर घालायचा मोह होतोच, मला दर वेळी होतो, पण ते दुसऱ्या भाषणाचं आहे, काढा.

मी मिनिटाला शंभरेक शब्द बोलतो, म्हणजे ८ मिनिटांना ८००, पण लिहितो ७००, कारण टाळ्या आणि माईकची कुरकुर यात मिनिट जातंच. उभं राहून मोठ्याने म्हणा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, जिथे स्वतःलाच कंटाळा येतो तिथे कात्री. पाठ फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य, बाकी हातात चिठ्ठी: फौज, निरोप, महादजी, सांत्वन.

आणि हो, नाश्ता भाषणाच्या आधी आहे का नंतर तेही विचारून घ्या. नंतर असला आणि पोह्यांचा वास हॉलमध्ये आला, तर ८ ची ५ मिनिटं करायची तयारी ठेवा.