काळी मारबत करडी का येते? एक्सपोजर कॉम्पेन्सेशन नागपूरच्या उन्हात

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मारबतीची, म्हणजे इडापिडा घालवायला काढतात त्या मोठ्या काळ्या अन् पिवळ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, अन् संध्याकाळी ग्रुपवर फोटो पडायला लागले की दरवर्षी तेच दिसतं, काळी मारबत काळीच नाही. राखाडी, धुरकट, अंगावर धूळ बसल्यासारखी. अन् जवळून भरून काढलेली पिवळी मारबत मात्र मळकट. मग मेसेज येतात, भाऊ कॅमेऱ्यात काही गडबड झाली का, लेन्स बदलू का. काही बिघडलेलं नाही बाप्पा, पैसे वाचवा. कॅमेऱ्यावर अधिक अन् उणे एकत्र काढलेलं जे बटन आहे ना, त्याला आजपर्यंत हात लावला नाही एवढंच. त्यालाच एक्सपोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात, अन् माझ्या मते नवीन माणसानं मॅन्युअल मोड (सगळं हातानं लावायचं तो) शिकण्याच्या आधी हे शिकावं.

मीटर कसं चालतं ते आधी बघा. कॅमेऱ्यातलं मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतं, बस. समोर काळी वस्तू सावलीत आहे की पांढरी वस्तू अंधारात आहे हे त्याला फक्त उजेडावरून कळायचा मार्ग नाही, म्हणून ते एक गोष्ट धरून चालतं की फ्रेममधला सगळा उजेड सरासरी काढला तर मधला करडा यायला पाहिजे, साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा करडा. रस्ता, झाडं, माणसं, भिंती अशी मिसळ असली तर हा अंदाज बरोबर बसतो अन् फोटो छान येतो. पण फ्रेम काळ्यानं भरली की मीटर म्हणतं अरे उजेड कमी पडून राहिला, वाढवा, अन् काळं करडं होतं. फ्रेम पांढऱ्यानं भरली की म्हणतं उजेड जास्त झाला, कमी करा, अन् पांढरंही करडं. म्हणजे तुम्हाला मनाला वाटतं त्याच्या उलटं करावं लागतं, पांढऱ्यासाठी प्लस अन् काळ्यासाठी मायनस. इथंच सगळे अडकतात, पांढरं आहे म्हणजे चमकेल म्हणून मायनस करतात अन् आणखी काळोख करून बसतात.

वाचून पटणार नाही, घरी करून बघा, दहा मिनिटं लागतात. उन्हाळ्यात डोक्याला बांधतो तो पांढरा दुपट्टा घ्या, काळी छत्री घ्या, दोन्ही गॅलरीत एकाच सावलीत ठेवा. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर टाका (निकॉनवर ए, कॅननवर एव्ही; यात लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा ठरवतो), कॉम्पेन्सेशन शून्यावर, अन् एकदा फ्रेम भरून फक्त दुपट्टा, एकदा फ्रेम भरून फक्त छत्री. फोकस होत नसेल तर शिवणीवर करा. आता दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघा, कोणता दुपट्टा अन् कोणती छत्री हे कापडाच्या विणीवरून ओळखावं लागेल इतके जवळ येतात. मग दुपट्ट्याला +१, +१.३, +१.७ असं चढवत जा अन् छत्रीला −१, −१.३, −१.७ असं उतरवत जा, एका जागी दुपट्टा दुपट्टा वाटतो अन् छत्री छत्री वाटते. ते आकडे लक्षात ठेवा, तुमच्या कॅमेऱ्याचा स्वभाव तिथं कळतो. जाता जाता एक संत्रही ठेवून बघा, ते शून्यावर जवळपास जसंच्या तसं येतं कारण त्याचा उजेडपणा मधल्याच्या आसपासचाच आहे.

आकड्यांचा अर्थ सोपा आहे. +१ म्हणजे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, −१ म्हणजे अर्धा. बहुतेक कॅमेऱ्यांत एक क्लिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप, म्हणून ०.३, ०.७, १ असे आकडे दिसतात.

आता दीक्षाभूमीचा स्तूप घ्या, कारण पांढऱ्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही. सकाळच्या कडक उन्हात घुमटानं बरीचशी फ्रेम भरली, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १००, अ‍ॅपर्चर एफ ८, कॅमेरा म्हणतो शटर १/१००० सेकंद. काढला फोटो, घुमट सिमेंटच्या रंगाचा. +१ केलं, अ‍ॅपर्चर तेच राहिलं अन् शटर झालं १/५००, घुमट उजळला. +१.३ ला १/४००, आता तो डोळ्याला दिसतो तसा पांढरा. याच्या वर जायच्या आधी प्लेबॅकमध्ये हायलाइटची वॉर्निंग चालू करा, जळालेला भाग लुकलुकतो, घुमटावर लुकलुक दिसली की एक क्लिक मागं या. पांढऱ्यातले जोड, सावलीच्या कडा एकदा जळाल्या की रॉ फाइलमधूनही (सेन्सरची कच्ची फाइल) परत येत नाहीत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढऱ्या साड्या अन् पांढरे शर्ट घातलेली गर्दी असते तेव्हाही हेच, पण तिथं चेहरे महत्त्वाचे, +०.७ पासून सुरुवात करा अन् चेहऱ्याकडे बघून ठरवा.

मारबतीला परत येऊ. ढगाळ दुपार, आयएसओ ४००, एफ ५.६, काळी मारबत जवळ आली अन् फ्रेम भरली, कॅमेरा देतो १/१६०. −१ करा, शटर १/३२० होतं. काळी मारबत काळी झालीच, वर शटर दुप्पट वेगाचं झालं, म्हणजे "घेऊन जा गे मारबत" ओरडत नाचणारी पोरंही हलल्यासारखी येत नाहीत. प्लसमध्ये नेमकं उलट, शटर मंद होतं, सावलीत +१.३ करताना शटरच्या आकड्यावर नजर ठेवा, १/६० च्या खाली गेलं तर आयएसओ चढवा. अन् मारबत दूर असेल, आजूबाजूला माणसं, दुकानं, आभाळ असेल तर मायनस फार नको, मीटरला तेव्हा मिसळ दिसत असते. फ्रेममध्ये काळं किती आहे त्यावर आकडा ठरतो, वस्तू काळी आहे एवढ्यावर नाही.

फुटाळा तलावावरचा सूर्यास्त −०.७ ते −१.७, रंग गडद होतात. पण त्याच सूर्यासमोर बायकोला उभं करून चेहरा पाहिजे असेल तर +१ किंवा जास्त, आभाळ पांढरं पडेल, पडू द्या, दोन्ही एकदम हवं असेल तर फ्लॅश लागतो.

अन् इथं माझी एक जखम सांगतो. फुटाळ्यावर −१.७ लावलं, घरी आलो, कॅमेरा बंद केला. दुसऱ्या दिवशी भाच्याचं बारसं, घाईत सगळे जेपेग (तयार फाइल, नंतर फार सुधारता येत नाही) काढले, बघायला वेळच नव्हता. पाळण्यात बाळाचं नाव कानात सांगतानाचा फोटो एकदाच मिळतो, तो इतका काळा आला की उजळवल्यावर बाळाच्या गालावर फोटोचे नुसते दाणे (नॉइज). कॅमेरा बंद केला तरी बहुतेक मॉडेलमध्ये कॉम्पेन्सेशन शून्यावर जात नाही, हे तेव्हा कळलं. आता कॅमेरा बॅगेत ठेवायच्या आधी डायल शून्यावर, एकदाही चुकवत नाही, तुम्हीही चुकवू नका.

नागपुरात आणखी एक धोका आहे. मे महिन्यातल्या उन्हात मागची स्क्रीन काळीभोर दिसते, माणूस समजतो फोटो डार्क आला अन् प्लस करत जातो, घरी बघतो तर सगळं पांढरंफटक. उन्हात स्क्रीनवर भरवसा नको, हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा फोटोतला उजेड दाखवणारा आलेख. ढिगारा उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर उजेड जास्त, डावीकडे चिकटला असेल तर कमी. दुपट्टा डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढून बघितलं तर आणखी बरं.

मॅन्युअलमध्ये बटन फिरवून काहीच होत नाही असं पुष्कळ जण विचारतात. बरोबर आहे, तिथं शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ तिन्ही तुम्हीच धरून ठेवलेत, कॅमेऱ्याला हलवायला काही उरलंच नाही. आयएसओ ऑटोवर टाका, बऱ्याच कॅमेऱ्यांत मग कॉम्पेन्सेशन आयएसओ वरखाली करून चालतं.

मोबाइलवाल्यांना तर हे सगळ्यात सोपं. वस्तूवर बोट टेकवा, बहुतेक फोनमध्ये शेजारी छोटा सूर्य येतो, तो वर सरकवला की प्लस, खाली सरकवला की मायनस. बोट जरा वेळ दाबून धरलं तर लॉक होतं, नाहीतर मिरवणुकीत पांढऱ्या शर्टचा माणूस फ्रेममध्ये शिरला की उजेड पुन्हा बदलतो. काळी मारबत वळणावर आली की तिच्या अंगावर बोट दाबून लॉक करा, सूर्य थोडा खाली ओढा, अन् ती पुढं निघेपर्यंत काढत राहा.