इंग्रजी व्याकरणाची सुरुवात आपल्या मराठीतून कशी करावी

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार काका गेल्या हंगामात माझ्या संध्याकाळच्या वर्गाला आले ते मोबाइल पुढे करतच. परदेशातल्या व्यापाऱ्याला त्यांनी मेसेज पाठवला होता : ‘आय हॅड सेंड सॅम्पल यस्टरडे. यू गॉट? टुडे रेनिंग. मंडे कंटेनर लोड.’ नमुना पाठवून परत मागवला का, आणि कंटेनर नेमकं कोण भरणार आहे, असं त्या व्यापाऱ्याने उलट विचारलं होतं. काका म्हणाले, “ताई, मी तर सगळं सरळ लिहिलंय.”

सरळच लिहिलं होतं, पण मराठीच्या सरळ. त्यांच्या मनातली वाक्यं अशी होती : मी काल नमुना पाठवला होता. मिळाला का? आज पाऊस पडतोय. सोमवारी कंटेनर भरतो. चारही वाक्यं मराठीत अगदी शुद्ध आहेत. मोठ्या माणसांच्या बहुतेक चुका अशाच होतात. मराठी आणि इंग्रजीच्या वाटा जिथे वेगळ्या होतात, तिथे पाय सवयीने मराठीच्या वाटेला लागतो. म्हणून बारा काळांचे तक्ते पाठ करण्याआधी हे फाटे ओळखायला शिका. माझ्या अनुभवात पंचवटीतली गृहिणी असो की सातपूरच्या कारखान्यातला कामगार, या क्रमाने गेलं की बोलणं लवकर सुटतं.

पहिली पायरी : कर्ता जागेवर ठेवा, बाकीचं शेवटून वाचा

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येतं. हे वाक्य कागदावर तुकडे पाडून लिहा :

मी | काल | पंचवटीत | मावशीला | साडी | दिली.

आता ‘मी’ला हात लावू नका. उरलेले तुकडे शेवटून सुरुवातीकडे वाचत या : दिली, साडी, मावशीला, पंचवटीत, काल. इंग्रजी वाक्य तयार झालं : ‘आय गेव्ह अ सारी टू माय आन्ट इन पंचवटी यस्टरडे.’ वर्गात हे पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरची माणसंसुद्धा पुढे सरकून बघतात.

दोन गोष्टी सांभाळा. जोडीचे शब्द फोडायचे नाहीत. ‘लाल साडी’ हा एकच तुकडा, तो ‘रेड सारी’ असाच राहतो. आणि तुकड्याच्या आतही एक उलटापालट असते. आपला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागतं, इंग्रजीत तेच काम करणारा शब्द नामाच्या पुढे येतो. टेबलावर : ‘ऑन द टेबल’. नाशिकहून : ‘फ्रॉम नाशिक’. आईबरोबर : ‘विथ माय मदर’.

वेळेचे शब्द मात्र जसे आहेत तसे पाठ करावे लागतात. पाच वाजता ‘ॲट फाइव्ह’, सोमवारी ‘ऑन मंडे’, जानेवारीत ‘इन जानेवारी’, सकाळी ‘इन द मॉर्निंग’, पण रात्री ‘ॲट नाइट’. यात तर्क शोधत बसू नका.

दुसरी पायरी : खुर्ची रिकामी ठेवू नका

‘येतेस का?’, ‘जेवलो’, ‘उशीर झाला’. आपण कर्ता सर्रास गाळतो, कारण क्रियापदावरूनच कोण ते कळतं. ‘जेवले’ म्हटलं की बोलणारी बाई आहे हेही समजतं. इंग्रजी क्रियापद एवढं काही सांगत नाही, त्यामुळे तिथे कर्त्याची खुर्ची भरलेलीच लागते. बसवायला कुणी नसेल तर ‘इट’ बसवायचं. पाऊस पडतोय : ‘इट इज रेनिंग.’ उशीर झाला : ‘इट इज लेट.’

याच खुर्चीशी ‘मला’ची गोष्ट जोडलेली आहे. ‘मला मिसळ आवडते’ आणि ‘मला आंबा आवडतो’ ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. क्रियापद मिसळीप्रमाणे आणि आंब्याप्रमाणे बदलतं, बोलणाऱ्याप्रमाणे नाही. मराठी व्याकरणात इथे कर्ता मिसळ आहे! इंग्रजीत मात्र माणसाला कर्त्याच्या खुर्चीत बसवायचं : ‘आय लाइक मिसळ.’ मला भूक लागली आहे, ‘आय ॲम हंग्री.’ मला ताप आहे, ‘आय हॅव अ फीवर.’ मला दोन बहिणी आहेत, ‘आय हॅव टू सिस्टर्स.’ मला माहीत आहे, ‘आय नो.’ इथे ‘आय ॲम नोइंग’ होत नाही. माहीत असणं, आवडणं, हवं असणं यांना ‘इंग’ लावत नाहीत.

वहीचं एक अख्खं पान ‘मला’साठी ठेवा. दिवसभरात तुम्ही ‘मला’ने सुरू होणारी जेवढी वाक्यं बोलता तेवढी डावीकडे लिहा, उजवीकडे ‘आय’ने सुरू होणारी. आठवड्यात पान भरतं. वहीतलं सगळ्यात कामाचं पान ते.

तिसरी पायरी : ‘काल गेलो होतो’मधलं ‘होतो’ सोडून द्या

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण चांगली शिकलेली, नोकरी करणारी माणसंही इथे अडखळतात. ‘मी काल त्र्यंबकला गेलो होतो’ हे आपण सहज म्हणतो. जाऊन परत आलो, एवढंच सांगायचं असतं. त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं की ‘आय हॅड गॉन टू त्र्यंबक यस्टरडे’ होतं, आणि ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो : गेला होता, मग काय झालं? साध्या भूतकाळासाठी ‘आय वेन्ट टू त्र्यंबक यस्टरडे’ एवढं पुरे.

‘हॅड’ लागतं ते भूतकाळात दोन घटना असतील आणि त्यातली आधी कोणती झाली हे दाखवायचं असेल तेव्हा. मी नाशिकरोडला पोहोचले तेव्हा पंचवटी एक्सप्रेस सुटली होती : ‘व्हेन आय रीच्ड नाशिकरोड, द पंचवटी एक्सप्रेस हॅड लेफ्ट.’ गाडी आधी गेली, मी नंतर पोहोचले. दुसरी घटना नसेल तर ‘हॅड’ला हात लावू नका.

‘हॅव’चं वेगळं. माझी किल्ली हरवली आहे, अजून सापडलेली नाही : ‘आय हॅव लॉस्ट माय की.’ झालेल्या गोष्टीचा परिणाम आत्ता समोर असेल तर ‘हॅव’. पण वाक्यात ‘काल’, ‘परवा’, ‘2019 साली’ असा सरलेला काळ आला की ‘हॅव’ निघून जातं : ‘आय लॉस्ट माय की यस्टरडे.’

सुरुवातीला एवढेच पाच साचे पक्के करा : रोजचं ‘आय गो’, आत्ता चाललेलं ‘आय ॲम गोइंग’, झालेलं ‘आय वेन्ट’, परिणाम उरलेलं ‘आय हॅव गॉन’ आणि पुढचं ‘आय विल गो’. बाकीचे काळ वर्षभराने शिकलात तरी काही अडत नाही.

रोजच्या साच्यात एक ‘एस’ सांभाळायचा. आपल्याकडे जातो, जाते, जातोस, जातात अशी क्रियापदाची कितीतरी रूपं होतात. इंग्रजीत फक्त ही, शी, इट किंवा एकट्या नावाबरोबर ‘एस’ लागतो. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि बंगालच्या उपसागराला मिळते : ‘द गोदावरी राइझेस ॲट ब्रह्मगिरी ॲण्ड फ्लोज इनटू द बे ऑफ बेंगॉल.’

चौथी पायरी : शेवटचं ‘का’ उचलून पुढे आणा

‘तू मिसळ खातोस का?’ यातलं ‘का’ शेवटी आहे. इंग्रजीत त्याच्या जागी ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ येतं आणि ते सगळ्यांच्या पुढे उभं राहतं : ‘डू यू ईट मिसळ?’ ‘डज शी ईट मिसळ?’ ‘डिड यू ईट मिसळ?’ काळाचं ओझं एकट्यानेच वाहायचं असतं. ‘डिड’ने ते उचललं की मागचं क्रियापद मोकळं होतं, म्हणून ‘डिड यू वेन्ट’ चुकीचं आणि ‘डिड यू गो’ बरोबर. ‘डज’चंही तसंच, क्रियापदाचा ‘एस’ तो आपल्याकडे घेतो. नकारातही हाच नियम : ‘शी डज नॉट ईट’, ‘आय डिड नॉट गो’.

वाक्यात मुळात ‘इज’, ‘आर’, ‘विल’, ‘कॅन’ असेल तर तेच पुढे येतं. तू घरी आहेस का : ‘आर यू ॲट होम?’

पाचवी पायरी : ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’

‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवताना देवनागरी फार मदत करते. इंग्रजी शब्द जसा उच्चारतो तसा मराठीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ स्वराने सुरू होतो : ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’त पहिला य : ‘अ युनिव्हर्सिटी’. इंग्रजी स्पेलिंग बघून ठरवणारा दोन्ही ठिकाणी फसतो.

‘द’ कधी लावायचा हे लहानपणीच्या कहाणीतून कळतं. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या. पहिल्यांदा ‘एक राजा’, मग ‘तो राजा’. ‘देअर वॉज अ किंग. द किंग हॅड टू डॉटर्स.’ कोणता ते ऐकणाऱ्याला कळलेलं असेल तर ‘द’. आपल्या गावातलं उदाहरण घ्या : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला आहे, ते 1989 साली स्थापन झालं. आधी म्हणायचं, ‘देअर इज ॲन ओपन युनिव्हर्सिटी इन नाशिक’, मग ‘द युनिव्हर्सिटी वॉज फाउंडेड इन 1989’. ‘ओपन’ पुढे आल्याबरोबर ‘अ’चा ‘ॲन’ झाला, कारण आता पहिला उच्चार ‘ओ’चा आहे. नद्यांच्या नावाआधी ‘द’ येतो, शहरांच्या नावाआधी येत नाही. ‘द गोदावरी’, पण नुसतं ‘नाशिक’.

रोजचा सराव

रोज पाच वाक्यं, स्वतःच्या दिवसातली. बसमध्ये, भाजी घेताना, बागेत फवारणी करताना जे मनात आलं ते आधी मराठीत लिहा, तुकडे पाडा, मग उलटा. लिहिलेलं मोठ्याने वाचा; कान चूक पकडायला लागतो तो वाचूनच. आणि घरात कुणी शिकत असेल तर चुकलेल्या वाक्याला हसू नका. हसल्यामुळे गप्प झालेली हुशार माणसं मी पाहिली आहेत, त्यांना पुन्हा बोलतं करायला महिने लागतात.

काकांनी वर्गात बसून आपला मेसेज स्वतःच दुरुस्त केला. पहिल्या वाक्यातलं ‘हॅड’ काढलं, दुसऱ्यात ‘का’ पुढे आणलं, तिसऱ्यात खुर्चीवर ‘इट’ बसवलं. चौथ्यापाशी ते बराच वेळ थांबले. मग “भरणार तर आम्हीच की” असं म्हणत त्यांनी ‘वी’ लिहिलं :

‘आय सेंट द सॅम्पल यस्टरडे. डिड यू गेट इट? इट इज रेनिंग टुडे. वी विल लोड द कंटेनर ऑन मंडे.’