मगे काय झाला?

वेंगुर्ल्यात कथा लिहायला लागलो तेव्हा पहिलीच कथा समुद्राच्या वर्णनाने सुरू केली. दीड पान. गाज, संधिप्रकाश, सुरूच्या बनातला वारा. एका दिवाळी अंकाकडून ती साभार परत आली. काकीला वाचून दाखवली, ती बांगडे साफ करत होती. तिसऱ्या परिच्छेदाला म्हणाली, "दर्या आमी रोजच बघतव. मगे काय झाला, ता सांग."

मग मी दुसरं टोक गाठलं. पाठलाग, मारामारी, बुडती होडी. काकीने जांभई दिली.

असं का, ते दशावताराच्या जत्रेत कळलं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट संवाद जागीच रचतात आणि खेळ रात्रभर चालतो. प्रेक्षक कुठे पेंगतो हे शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. पहाटे तीनला युद्ध सुरू झालं, पखवाज कडाडला, सगळे खडबडून जागे झाले. पण दोन राजे नुसतेच गरगर फिरत राहिले तशा माना पुन्हा कलंडल्या. मग एकाने तलवार खाली टाकली. समोरचा सख्खा भाऊ आहे, हे त्याला उमगलं होतं. त्यानंतर बराच वेळ रंगमंचावर कुणी हललंही नाही, तरी एकही डोळा मिटला नाही.

नव्याने लिहिणाऱ्यांनी हे तलवार टाकणं लक्षात ठेवावं. धावपळीला वाचक भुलतो तो घटकाभर. पात्राने असं काही करावं, की त्याला मागे फिरता येऊ नये.

तिसरी कथा मी ३१ मेच्या दिवशी ठेवली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणजे हा शेवटचा फेरा. वारा सुटलाय, जाळं खडपात, पाण्याखालच्या खडकांत अडकलंय. कापलं तर कर्जाचं जाळं गेलं, नाही कापलं तर होडी धोक्यात. सुरुवात थेट ताणलेल्या दोरापासून केली. आभाळाला एकच वाक्य दिलं. वाक्यं आखूड ठेवली, पण तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, सुरी दोराला लागते तिथे मुद्दाम रेंगाळलो. घाईच्या प्रसंगात लेखकाने घाई करू नये, हे मला फार उशिरा समजलं.

वाचताना काकीने मध्येच थांबवलं. "तांडेल खयचो कापता? खलाशाक सांगतलो."

बरोबर होतं. मी सुरी खलाशाच्या हातात दिली. त्याने ती धरली, आणि तांडेलाकडे बघत तसाच उभा राहिला. कथेतली सगळ्यात चांगली ओळ तीच निघाली.