सुपरचार्ज्ड बोट वरच्या आरपीएमला दम टाकते? निदान करताना या चुका टाळा

बोट झटक्यात प्लेनवर येते (पाण्यावर उचलून सरकू लागते), मधल्या आरपीएमला जोरात खेचते, आणि पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मात्र 5200 गाठायच्या जागी 4700च्या आसपास अडकून बसते. खाली सगळं ठीक आणि वरचीच ताकद गेलेली, असं झालं की बहुतेक जण आधी सुटे भाग बदलायला घेतात. प्लग झाले, कॉइल झाली, मग पंप. शेवटी कुणीतरी सुपरचार्जरला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाला, लहान पुली लावायला सुचवतो; ती त्याला जास्त फिरवून बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, वाढवते. यात पैसा जातोच, पण इंजिनात कुठे इंधन कमी पडत असेल तर वाढीव बूस्टने पिस्टनही जातो.

म्हणून भागांना हात लावण्याआधी पूर्ण थ्रॉटलवर एकाच क्षणाचे तीन आकडे घ्या: आरपीएम, बूस्ट आणि फ्युएल प्रेशर. ईसीयूवरून (इंजिनाच्या संगणकावरून) लॉग घेता आला तर उत्तम, नाहीतर गेजकडे मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवा. आणि धाव छोटी ठेवा. इंजिन अडखळतंय हे दिसल्यावर थ्रॉटल दाबून धरू नका, लगेच सोडा.

बूस्ट म्हणजेच ताकद असं समजणं

माझ्या मते निदान सगळ्यात जास्त इथेच चुकतं. बूस्ट गेज इनटेक मॅनिफोल्डमधला दाब दाखवतो. इंजिनाने हवा नीट आत घेतली नाही तरी तो दाब वाढतो. त्यामुळे बूस्ट नेहमीपेक्षा कमी आहे की जास्त, यावर पुढची सगळी शोधाशोध अवलंबून असते.

बूस्ट कमी असेल तर सुपरचार्जरपर्यंत हवा पोहोचत नाहीये, तो पुरेसा फिरत नाहीये किंवा दाबलेली हवा कुठून तरी निसटतेय. बेल्ट सर्वांत आधी बघा. पुलीभोवती काळी रबराची भुकटी आणि बेल्टची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत, म्हणजे बेल्ट घसरतोय. सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरमध्ये बूस्ट आरपीएमबरोबर शेवटपर्यंत चढत जायला हवा. तो मध्येच सपाट झाला किंवा उतरू लागला तर बेल्टवर संशय घ्या. बोट उभी असताना हाताने ताण तपासून समाधान मानू नका, कारण घसरण फक्त पूर्ण भाराखालीच होते. बेल्टवर तेल किंवा खारं पाणी उडतंय का तेही पाहा. नुसता ताण वाढवत गेलात तर सुपरचार्जरचं बेअरिंग खराब होईल.

त्यानंतर दाबलेली हवा परत वळवणारा बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजचे क्लॅम्प सैल आहेत का, आणि फ्लेम अरेस्टर (बॅकफायरची ज्वाला अडवणारी जाळी) इंजिनाच्या ब्रीदर नळीतून येणाऱ्या तेलाने चिकट झालाय का, हे तपासा. फ्लेम अरेस्टर काढून “एक धाव मारून बघू” हे कधीही करू नका. पेट्रोलची वाफ साचू शकणाऱ्या बंद इंजिनरूममध्ये एक बॅकफायर आग लावायला पुरेसा असतो. तो धुऊन, वाळवून परत बसवा आणि मगच बोट काढा.

बूस्ट नेहमीइतका किंवा जास्त, तरी ताकद नाही, असं असेल तर अडथळा पुढे आहे. एक्झॉस्टमधले, पाणी उलटं आत येऊ न देणारे रबरी फ्लॅपर उष्णतेने जळून तुटतात आणि त्यांचा तुकडा आडवा अडकतो. बाहेरून काहीच दिसत नाही, होज काढूनच बघावं लागतं. दुसरी शक्यता थकलेल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगची. 2.25 इंच व्यासाच्या इनटेक व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ जवळपास 4 चौरस इंच. 8 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) बूस्ट त्याच्या पाठीवर सुमारे 32 पौंड जोराने ढकलतो. म्हणजे व्हॉल्व्ह बंद ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या ताणातून तेवढे 32 पौंड सरळ वजा. नवी स्प्रिंग हे सहन करते. दोन-तीन सीझन पूर्ण आरपीएमवर राबलेली कदाचित नाही. दरवेळी नेमक्या त्याच आरपीएमला ताकद तुटत असेल, तर इग्निशनवर खर्च करण्याआधी स्प्रिंगचा ताण मोजून घ्या.

फ्युएल प्रेशर आयडलवर तपासणं

आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असताना, पंपाला काही कामच नसतं. बूस्टवर चालणाऱ्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरमध्ये बूस्ट 1 पीएसआयने वाढला की फ्युएल प्रेशरही 1 पीएसआयने वाढायला हवं. समजा मूळ प्रेशर 43 आहे आणि बूस्ट 7. तर रेलवर (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीवर) 50 दिसलं पाहिजे. रेग्युलेटरला जाणारी छोटी होज चिरली असेल तर गेज 43वरच थांबतो. 43 हा आकडा ओळखीचा, म्हणून सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात इंजेक्टरच्या तोंडाशी 7 पीएसआयचा उलटा दाब असल्याने कामाचं प्रेशर 36च उरतं आणि इंधन साडेआठ टक्क्यांच्या आसपास कमी पडतं. सुपरचार्ज्ड इंजिनात एवढी तूट पूर्ण थ्रॉटलवर फार धोक्याची.

प्रेशर आधी चढून मग ढासळत असेल तर पंप बदलायची घाई नको. पंपाच्या मागे, टाकीकडून इंधन येतं त्या बाजूला, व्हॅक्यूम गेज लावा. तिथे खेच जास्त दिसली तर अडथळा टाकीकडच्या बाजूला आहे: वॉटर सेपरेटर फिल्टर, आतून अस्तर सुटलेली जुनी होज, अँटी-सायफन व्हॉल्व्ह किंवा टाकीचा बुजलेला व्हेंट. व्हेंटची परीक्षा सोपी आहे. ताकद गेल्यावर इंजिन बंद करून टाकीचं झाकण हळू उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर व्हेंट साफ करा. अँटी-सायफन व्हॉल्व्ह नडतोय म्हणून काढून टाकू नका, योग्य मापाचा बसवा. होज फुटली तर टाकीतलं पेट्रोल बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) वाहून जाऊ नये यासाठीच तो असतो.

पहिली धाव चांगली, दुसरी मंद

हे जवळजवळ नेहमी उष्णतेचं दुखणं असतं. वाळू, शेवाळ किंवा विरघळत आलेल्या झिंक अॅनोडचे तुकडे इंटरकूलरच्या पाण्याच्या वाटेत अडकतात, आत जाणारी हवा तापते, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) सुरू होतं आणि ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. पाण्याचा प्रवाह आणि इनटेक तापमान बघायचं सोडून टायमिंग पुढे ओढणं म्हणजे पिस्टनशी खेळ. प्लग काढून भिंगातून पोर्सिलेन पाहा: त्यावर बारीक चमकदार कण दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. अशी बोट दुरुस्तीआधी पाण्यात नेऊ नये. काही इंजिनांत, उदाहरणार्थ मर्क्युरीच्या गार्डियन प्रणालीत, बिघाड जाणवला की ताकद मुद्दाम मर्यादित केली जाते. म्हणून आधी फॉल्ट कोड वाचा.

प्लगचा गॅप मोठा असेल तर बूस्टखाली ठिणगी विझते आणि फक्त वरतीच मिसिंग येतं. गॅप इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेलाच ठेवा, नॉन-सुपरचार्ज्ड इंजिनाचा नको.

प्रोपेलर आणि थ्रॉटल गृहीत धरणं

इंजिन बंद ठेवून एकाला लिव्हर पूर्ण पुढे ढकलायला सांगा आणि थ्रॉटलचं पातं खरंच पूर्ण उघडतं का ते स्वतः बघा. केबल ताणली गेलेली असू शकते.

मग स्लिप काढा, म्हणजे प्रोपेलरच्या सैद्धांतिक वेगापेक्षा बोट किती टक्के मागे पडते ते. आरपीएम गुणिले पिच (एका फेरीत प्रोपेलर जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) इंचांत, भागिले (गिअर रेशो गुणिले 1056), म्हणजे मैल प्रतितासात सैद्धांतिक वेग. 5000 आरपीएम, 28 पिच आणि 1.5 रेशोला तो 88च्या थोडा वर येतो. जीपीएसवर 78 दिसत असतील तर स्लिप साधारण 12 टक्के; वेगवान बोटीसाठी ठीकच. आरपीएम पूर्ण चढतो पण वेग येत नाही आणि स्लिप वाढलीय, तर इंजिन निर्दोष आहे. प्रोपेलरचा हब, वाकलेलं पातं किंवा ट्रिम (ड्राइव्हचा कल) बघा. आरपीएमच चढत नाही पण स्लिप नेहमीसारखी, तर इंजिनाची ताकद खरोखर गेलीय.

दुरुस्तीनंतरची चाचणी आधीसारख्याच इंधनावर, तेवढ्याच माणसांसह आणि त्याच प्रोपेलरने घ्या. वाऱ्याचा आणि प्रवाहाचा परिणाम वजा व्हावा म्हणून दोन्ही दिशांना धावून वेगाची सरासरी काढा, आणि तेच तीन आकडे जुन्या लॉगशेजारी लिहून ठेवा.